उंदीपासून सुरुवात

आमच्या ऑफिसात सध्या कोरियन भाषेची साथ आलीये. मालिका बघून बघून दोघं-तिघं आपापलं शिकले. हंगूल लिपी म्हणे दोन दिवसांत येते. येणारच! राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती मुळी साध्या माणसाला सोपी जावी म्हणूनच तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली.

मी पडलो चंद्रपूरचा. म्हटलं, एवढ्या लांब जाण्यापेक्षा शेजारची भाषा शिकू. गोंडी. ज्या गोंड राजांच्या परकोटात आमचं शहर वसलंय, त्यांची भाषा शाळेत एक तासही नव्हती. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख निघाले, तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. त्याच अनुसूचीत संस्कृत आहे, आणि तिचे बोलणारे पंचवीस हजारसुद्धा भरले नव्हते. असो.

तर उंदी, रंड, मुंड, नालुंग. एक, दोन, तीन, चार. बल्लारपूर-राजुऱ्याकडे ज्यांच्या कानावर तेलुगू पडते त्यांना रेंडु, मूडु, नालुगु लगेच आठवेल. गोंडी द्राविडी कुळातली, मराठीची नात्याने कुणीच नाही, फक्त जुनी शेजारीण. व्याकरणात एक गंमत आहे. मराठीची तीन लिंगं इथे नाहीत, दोनच: पुरुष, आणि बाकी सगळं. बायका, बैल, झाडं, दगड एका रांगेत! (हे घरी सांगताना जरा जपून.)

आता मुद्द्याचं. ही भाषा आपली आपण शिकणारे आधी कोण होते? जुन्यांपैकी एक स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचार हे काम, पण खरा जीव दगडांत, जीवाश्मांत आणि माणसांच्या बोलींत. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिळावर्तुळं बघून परतताना तो पूर आलेल्या नाल्यात बुडाला. त्याची टिपणं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यात लिंगोची दीर्घ गाथा गोंडीत, रोमन अक्षरांत, भाषांतरासकट आहे. गोऱ्या साहेबाने आपल्यासाठी लिहिलेलं हे पुस्तक आज माझ्यासारख्याला उपयोगी पडावं, याचं मला बरं वाटतं आणि थोडं टोचतंही. ज्याने ती गाथा सांगितली त्याच्यापर्यंत छापील पान पोचलं असेल असं मला काही वाटत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या ओळखीचं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकशाला पोचले. आजूबाजूला माडिया गोंड. माडिया ही गोंडीचीच एक बोली. रोग्याला कुठं दुखतं हे विचारता येत नसेल तर डॉक्टरी करणार कशी? शिकवायला ना वर्ग ना मास्तर. लोकांकडूनच शब्द उचलत भाषा शिकावी लागली. हिस्लॉपला भाषा कळायला हवी होती, यांना ती बोलता यायला हवी होती, फरक माझ्या मते एवढाच आणि तो फार मोठा आहे.

लिपीचं म्हणाल तर गोंडीला एक सोडून दोन आहेत. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक बनवली. दुसरी आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत सापडली. युनिकोडमध्ये पहिली २०१७ ला आली, दुसरी २०१८ ला. आम्हा संगणकवाल्यांना हा मोठा दिवस वाटतो. पण युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे अक्षराला नंबर मिळाला, बस. फाँट हवा, कीबोर्ड हवा आणि मुख्य म्हणजे लिहिणारा हवा. माझी वही अजून देवनागरीतच आहे.

मी शिकलेलं पहिलं पूर्ण वाक्य पुस्तकातलं नाही, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावचं आहे. 'मावा नाटे माटे सरकार.' आमच्या गावात आम्हीच सरकार. नार म्हणजे गाव, त्याचं 'गावात' होताना नाटे होतं, आपल्या 'घर'चं सामान्यरूप होतं तसंच काहीसं. हे लोक नुसती घोषणा देऊन थांबले नाहीत. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. व्याकरणाचा इतका महाग धडा मी दुसरा पाहिला नाही.

त्याच तालुक्यात मोहगाव आहे. तिथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली, नावातच गोटुल ठेवलं. शिक्षण खात्याच्या लेखी शाळा विनापरवाना. नोटीस आली आणि गावकरी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले. मी शनिवारी-रविवारी हौसेने जे उंदी, रंड, मुंड घोकतो, ते पोरांना वर्गात म्हणता यावं म्हणून त्या गावांना वकील करावा लागला.