खांद्यावरची हवा

आमच्या सोलापूरच्या वाड्यात ऑक्सिजनचं नळकांडं आलं की माणसं हळू आवाजात बोलू लागत. काळ्या अंगाचं, पांढऱ्या खांद्याचं ते नळकांडं दोघं जण सांभाळत माजघरात आणत, आणि त्याच दिवशी परगावच्या नातेवाइकांना तारा जात. ऑक्सिजन लावलेलं माणूस पुन्हा उठून ओसरीवर येऊन बसलेलं मी लहानपणी पाहिलं नाही. त्यामुळे मला फुफ्फुसाचा फायब्रोसिस असल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी चालताना खांद्यावरच्या पिशवीतल्या यंत्रातून ऑक्सिजन घ्यायला सांगितलं, तेव्हा बेंगळुरूच्या आमच्या घरातले आवाजही तसेच खाली आले. मुलगा म्हणाला, "आई, आता लालबागमधलं फिरणं पुरे झालं."

मी बसवनगुडीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. सांगितलेली गोष्ट पटली नाही की तिचा उगम शोधायचा, ही त्या नोकरीची सवय. या यंत्राचा उगम मी शोधला, तर तो खाटेपाशी नव्हताच. डोंगर चढणाऱ्यांनी आणि विमान उडवणाऱ्यांनी ही हवा आधी अंगावर घेतली, आजाऱ्यांपर्यंत ती नंतर आली.

छातीच्या रोग्यानं पडून राहायचं हा दंडक ऑक्सिजनचा नाही, तो क्षयाचा. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं, मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियम झालं. मोकळी हवा, अंडी-दूध आणि सक्तीची विश्रांती हाच तेव्हाचा उपचार होता, आणि औषधं नव्हती तोवर दुसरं काही हातात नव्हतंही. माझ्या एका मावशीनं अशाच एका सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात दिवस काढले. लोकरीच्या सुया हातात घ्यायच्या तरी डॉक्टरांची परवानगी लागे. हा दंडक मोडला तो आपल्याच देशात. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षय उपचार केंद्रानं काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच गोळ्या दिल्या. वर्षाअखेर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले होते. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या बळ्ळारी रोडवर राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि रोग्याला घरी ठेवून बरं करण्याचा देशव्यापी कार्यक्रम तिनं आखला. छातीच्या रोग्याला खाटेवरून उठवण्याचं मोठं काम या शहरात झालं, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

आता खांद्यावरच्या ऑक्सिजनकडे येते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं भाजलेल्या सैनिकांसाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ऑक्सिजन मोजून देण्याची पद्धत बसवली. पण तो पाठीवर घेऊन माणूस खरोखर चालला तो एव्हरेस्टवर. मे १९२२ मध्ये जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस पाठीवर चौदा-पंधरा किलोंची नळकांडी घेऊन सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढले. तोवर इतक्या उंचीवर कोणी गेलं नव्हतं. बरोबरच्या कित्येकांना ऑक्सिजन वापरणं कमीपणाचं वाटत होतं. फिंच रसायनशास्त्रज्ञ, त्यांना ते मान्य नव्हतं. वादळात तंबूत अडकले असताना त्यांनी रात्रीही ऑक्सिजन घेतला, तेव्हा अंगात ऊब आली आणि झोप लागली.

हे फिंच पुढे १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. पाषाणच्या त्या प्रयोगशाळेवरून मी कितीदा गेले असेन! आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या आधीचे, म्हणजे प्रयोगशाळेचे पहिलेच संचालक जेम्स मॅकबेन. काही खनिजांच्या अंगी इतकी बारीक छिद्रं असतात की एका वायूचे रेणू आत शिरतात आणि दुसऱ्याचे बाहेर राहतात. अशा खनिजांना 'रेणूंची चाळणी' हे नाव मॅकबेन यांनी १९३२ मध्ये दिलं. माझ्या पिशवीतलं यंत्र याच चाळणीवर चालतं. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातला छोटा कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून नेतो. नायट्रोजन खड्यांना धरून राहतो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की खडे नायट्रोजन सोडून देतात आणि पुढच्या खेपेला मोकळे होतात. म्हणून नळकांडं भरून आणायला नको, बॅटरी चार्ज असली की झालं. यंत्रातलं झिओलाइट कारखान्यात बनतं, पण त्याची नैसर्गिक भावंडं आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात भरलेली आहेत. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले स्टिलबाइटचे गुच्छ जगभरच्या संग्रहालयांत आहेत. एव्हरेस्टवर ऑक्सिजन नेणारा आणि चाळणीला नाव देणारा, असे दोघे जण लागोपाठ एकाच खुर्चीत बसले, आणि ती खुर्ची पुण्यात होती! यावर कोणी मोठा ग्रंथ लिहायला हवा.

आजाऱ्यांची पाळी नंतर आली. १९५६ मध्ये वेल्समध्ये कोट्स आणि गिल्सन या डॉक्टरांनी श्वासाच्या जुनाट रोग्यांना छोटं नळकांडं देऊन चालवलं, आणि ते जास्त चालू शकतात हे दाखवलं. वेल्स हा कोळसाखाणींचा मुलूख. हे वाचताना मला बेंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवरचं कोलार आठवतं. तिथल्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. त्या खाणींसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आणली, आणि १९०५ मध्ये तीच वीज बेंगळुरूच्या रस्त्यांवर आली. दगडाच्या धुळीनं तिथल्या किती कामगारांच्या छातीला सिलिकोसिस झाला! त्यांच्या खांद्यावर अशी पिशवी कोणी अडकवली नाही. या शहराच्या दिव्यांचा इतिहास सांगताना त्या फुफ्फुसांचं नाव घेतलंच पाहिजे.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हरला डॉ. टॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांना द्रवरूप ऑक्सिजनचं पात्र खांद्याला लावून दिलं. एका लिटर द्रवातून साडेआठशे लिटरांवर वायू निघतो, म्हणून ते बाहेर नेणं जमलं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंच, तिथे हवा मुळात विरळ. त्यांच्या १९६७ च्या लेखात रोगी फक्त सहा होते, पण ते चालू लागले होते. १९८० मध्ये २०३ रोग्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण दिवसरात्र घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. दिवसरात्रवाल्यांना बाहेर नेण्याजोगी उपकरणं दिलेली होती. पेटींनी २००० मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली आणि जास्त चालणारे जास्त जगले याकडे लक्ष वेधलं. माझ्या मुलाला मी हाच लेख वाचायला दिला. ज्याच्या रक्तातला ऑक्सिजन थोडासाच उतरतो, त्याला या पिशवीनं आयुष्य वाढत नाही, हेही २०१६ च्या अभ्यासात दिसलं. म्हणून शेजारणीचं यंत्र पाहून कोणी ते विकत आणू नये. सहा मिनिटं चालवून, बोटाला ऑक्सिमीटर लावून डॉक्टरांनी ठरवावं.

बेंगळुरू डेन्व्हरइतकं उंच नाही, तरी ९०० मीटरवर आहे. मुंबईच्या मानानं इथे हवेचा दाब दहा टक्क्यांनी कमी. मुलीकडे मुंबईला गेले की माझा ऑक्सिमीटर एक-दोन अंक वर चढलेला दिसतो. पण विरळ हवेत माणसाला कसं जगवायचं याचं ज्ञानही याच शहरात साठत गेलं. आमच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं इथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. १९५७ मध्ये वायुदलाची वैमानिक-वैद्यक शिकवणारी संस्था आली. तिथल्या बंद खोलीतली हवा विरळ करत नेतात आणि वैमानिकाचं शरीर काय करतं ते पाहतात. तेजस विमानासाठी इथल्या डेबेल या संरक्षण प्रयोगशाळेनं विमानातच ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा बनवली. इंजिनाकडून आलेली हवा झिओलाइटमधून जाते आणि वैमानिकाच्या मुखवट्यात पोचते. माझ्या पिशवीत हेच घडतं, फक्त आवाज कमी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनं देशाचा श्वास कोंडला, तेव्हा तेजसचं हे तंत्र मिनिटाला १,००० लिटर देणाऱ्या रुग्णालयांच्या संयंत्रांत उतरलं, आणि त्यांच्यासाठी रोमहून विमानं भरून झिओलाइट बेंगळुरूला उतरवलं गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून दोन माणसं गेली. त्यांची आठवण आली की आजही माझी मूठ आवळते.

लालबाग मी सोडलं नाही. हैदर अलीनं १७६० मध्ये घातलेली ही बाग आज २४० एकरांची आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात बागा करून आलेले क्रुंबीगल १९०८ पासून इथले प्रमुख होते. मी तिथल्या झाडांची पेन्सिलीनं चित्रं काढते, आणि चित्र काढायचं तर झाडापर्यंत चालत जावं लागतं. केंपेगौडांचा बुरूज असलेला तो तीन अब्ज वर्षांचा खडक मी अर्ध्यापर्यंत चढते, यंत्र एक अंक वाढवून, थांबत थांबत. मुलं विचारतात, "अज्जी, इदेनु?" (आजी, हे काय?) मी पिशवी उघडून दाखवते. गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात आरतीलाही जाते, मात्र निरांजनापासून लांब बसते, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत भडकते. घरी देवापाशी दिवा आता सूनबाई लावते. गाण्यात एक युक्ती शिकावी लागली. हे यंत्र नाकानं श्वास ओढला की तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडतं. गाताना आपण तोंडानं हवा घेतो आणि त्याला कळतच नाही. त्यामुळे कडव्यांच्या मध्ये मी तोंड मिटून नाकानं श्वास घेते. दोन आवर्तनं चुकतात, पण पुढची ओळ धरता येते.

बॅटरी मात्र उतरतेच. ती निम्म्यावर आली की परत फिरायचं हा माझा नियम आहे. लालबागच्या काचघराला वीज आहे, दोन्ही पुष्पप्रदर्शनांना ते उजळून निघतं. उद्यान खात्यानं तिथे आणि पश्चिम दाराशी एक-एक प्लग आणि त्याशेजारी एक बाक द्यावा, असा अर्ज मी कन्नडमध्ये लिहून काढला आहे. माझ्यासारख्या पिशवीवाल्या आणखी तिघांनी त्यावर सह्या केल्या आहेत, आणि येत्या सोमवारी आम्ही चौघं तो द्यायला जाणार आहोत.