बुचाचे जाकीट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, व्हिटबी नावाचे एक जुने बंदर आहे. एस्क नदी तिथे समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी दोन लांब धक्के पाण्यात शिरलेले आहेत. कॅप्टन कुक दर्यावर्दीपणाचे पहिले धडे शिकला ते हेच गाव. मला मात्र ते आठवते एका फोटोमुळे.

फोटो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, फ्रँक मेडो सटक्लिफ यांनी काढलेला. एक दाढीवाला कोळी. अंगात बुचाच्या उभ्या पट्ट्या शिवलेले बेढब जाकीट. हा हेन्री फ्रीमन, तिथल्या लाइफबोटीचा तांडेल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले, तालमीतला पैलवान गदा घेऊन फोटोला उभा राहतो, तसलाच हा प्रकार. त्या जाकिटाची हकिगत मला पुष्कळ नंतर कळली.

९ फेब्रुवारी १८६१. समुद्र खवळलेला, आणि वादळात सापडलेली गलबते एकामागून एक व्हिटबीच्या किनाऱ्यावर येऊन आपटत होती. लाइफबोट म्हणजे तेव्हा वल्ह्यांची उघडी होडी; सारा भार माणसांच्या दंडांवर. त्या दिवशी ती पाच वेळा गेली आणि बुडत्या गलबतांवरच्या खलाशांना घेऊन परतली. दमलेली, भिजलेली माणसे सहाव्यांदा निघाली ती ‘मर्चंट’ नावाच्या गलबताकडे. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर एका लाटेने होडी उलटी केली. धक्क्यावर सारा गाव उभा होता. श्रोतेहो, बुडणाऱ्यांचे चेहरे ओळखू यावेत इतके ते जवळ होते, आणि कुणालाही काही करता आले नाही.

तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो एकटा फ्रीमन. वय पंचवीस, पूर्वीचा वीटभट्टीवरचा कामगार, लाइफबोटीवर नवखा. नव्या धाटणीचे बुचाचे जाकीट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या अंगात होते.

हे जाकीट कॅप्टन वॉर्ड नावाच्या अधिकाऱ्याने १८५४ मध्ये तयार केले होते. वॉर्ड हे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनचे निरीक्षक. ही संस्था १८२४ पासून लोकवर्गणीवर चाललेली आहे. जाकिटाची युक्ती साधी. बुचाचा एकच जाड पत्रा छातीला बांधला तर माणूस तरंगेल, पण त्याला वल्हे मारता येणार नाही. म्हणून अरुंद पट्ट्या कापडावर शेजारी शेजारी शिवल्या, म्हणजे अंग वाकते. (हे बूच बाटलीचे, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या ओक वृक्षाची साल. आपल्याकडे रस्त्याकडेला सुवासिक फुले सांडणारे बुचाचे झाड वेगळे.)

म्हणून मला तो फोटो शौर्याचा वाटत नाही. धाडस त्या बारा जणांतही तेवढेच होते. पाच फेऱ्या त्यांनीही मारल्या होत्या. फरक चार हात कापडाचा आणि थोड्या बुचाचा. त्या काळच्या कॅमेऱ्याला वादळ टिपणे शक्यच नव्हते. काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. शिवाय १८६१ मध्ये सटक्लिफ जेमतेम सात वर्षांचे होते. तेव्हा त्या दिवसाची खूण उरली ती वीसेक वर्षांनंतरच्या फोटोतल्या या जाकिटात.

फ्रीमन घाबरून समुद्र सोडून गेला नाही. रौप्यपदक मिळाले, आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तो सुकाणूवर होता. जानेवारी १८८१ मध्ये रॉबिन हूड्स बे या गावापाशी ‘व्हिझिटर’ जहाज बुडाले. समुद्रातून तिथे जाणे अशक्य. मग लोकांनी घोडे जुंपून आणि स्वतः दोर ओढून लाइफबोट बर्फातून सहा मैल नेली. तिचा तांडेल फ्रीमनच. पहिल्या प्रयत्नात वल्ही मोडली. दुसऱ्यांदा जाऊन जहाजावरचे सहाही जण आणले.

१९०४ मध्ये बूच जाऊन कापोकची जाकिटे आली. कापोक म्हणजे आपल्या सावरीच्या कुळातल्या झाडाचा, उशीत भरतात तसला कापूस. त्याच वर्षी डिसेंबरात फ्रीमन वारला.