टीव्हीवर एका एपिसोडमध्ये बंदूक तयार होते. आंदर मावळात असा शो करता येईल का?

लोणावळ्याला रिअॅलिटी शो नवे नाहीत. 'बिग बॉस मराठी'चा 2018 चा पहिला सीझन तिथल्याच सेटवर झाला होता. आता समजा, कुणी कान्हे फाट्यावरून आत वळून टाकव्याच्या पुढे आंदर मावळात एक शेड घेतली, दोन लेथ मशीन बसवल्या आणि ऑर्डरप्रमाणे बंदुका बनवणाऱ्यांचा शो सुरू केला. चालेल?

अमेरिकेत असे शो चाललेत. 2011 मध्ये डिस्कव्हरीवर 'सन्स ऑफ गन्स' आणि 'अमेरिकन गन्स' आले. साचा ठरलेला. गिऱ्हाईक काहीतरी अचाट मागणार, वर्कशॉपमध्ये वादावादी होणार आणि शेवटी मोकळ्या रानात धडाधड गोळ्या.

यात दिसत नाहीत ते कागद. बंदुका बनवून विकायच्या तर तिथेही केंद्र सरकारचा परवाना लागतो, प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते, दुकानातून घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी लागते. मे 1986 नंतर बनलेली मशीनगन तर सामान्य नागरिकाला विकताच येत नाही. पण फॉर्म भरणारा माणूस कोण बघणार? एडिटिंगमध्ये पहिली कात्री त्यालाच.

'अमेरिकन गन्स'चं प्रकरण याच कागदांवर आलं. शो सुरू असतानाच, एप्रिल 2012 मध्ये, कोलोरॅडोतल्या त्या दुकानाने परवाना परत केला होता. त्यानंतरही विक्री सुरू राहिल्याचा खटला झाला. 2017 मध्ये ज्युरीने मालकाला दोषी ठरवलं. पुढे अपिलात त्यातला काही भाग रद्द झाला. शो मात्र डिसेंबर 2012 मध्येच, सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर, बंद झाला होता.

आपल्याकडे काय?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, सगळ्याला परवाना हवा. कलम 6 नुसार नळी आखूड करायलाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान 7 वर्षं ते जन्मठेप आहे. म्हणजे यूट्यूब बघून लेथवर 'फक्त प्रयोग' करणारा पोरगा आणि गावठी कट्टे विकणारा, दोघांना कलम एकच. आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे, ही गल्लत बरेच जण करतात.

आंदर मावळात बंदुकीचा विषय निघतो तो बहुधा भातात घुसणाऱ्या रानडुकरांवरून. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. पण परवाना हातात आला म्हणून डुकरावर गोळी झाडता येत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आणि त्या बंदुकीचा घोडा बिघडला, तर गावातल्या लोहाराकडे नेऊन चालत नाही. दुरुस्तीचा परवाना असलेलं दुकानच गाठावं लागतं.