मैदानावरचा मान आणि कायद्यातला हक्क

आंबेगाव तालुक्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे इतिहास शिकवला. कबड्डीच्या संघाला सामन्यांना नेण्याचे कामही माझ्याकडेच असे. एकदा जुन्नर तालुक्यातील एका गावी सामने होते. आमच्या संघातील बौद्धवाड्यातल्या एका मुलाने त्या दिवशी अशा चढाया केल्या, की परगावच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवले. ढालही त्याच्याच हातात दिली. संध्याकाळी जेवणाच्या वेळी मात्र, कोणी काही न बोलता, त्याचे ताट पंगतीपासून दूर मांडले गेले. परत येताना तो मला म्हणाला, "सर, खांद्यावर घेतलं तेव्हा इटाळ नाही झाला का?" मी गप्प राहिलो. त्या वेळी द्यायला हवे होते ते उत्तर मी इथे लिहितो आहे.

हा प्रश्न त्या मुलाच्या आधी पुण्यातच एका थोर खेळाडूच्या वाट्याला आला होता. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजात १८७६ साली जन्मले. वडील लष्करातील नोकर. ज्या वयात हाती पुस्तक असावे, त्या वयात बाळूंच्या हाती खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर ओढण्याचे काम आले. महिना पगार तीन-चार रुपये. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असे, म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. तासन् तास चेंडू टाकता टाकता हा डावखुरा गोलंदाज देशात अव्वल ठरला. आज ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात, त्याची सुरुवात आपल्याकडे अशी चाकरीतून झाली.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानात चेंडू एकच असे. बाळूंनी हाताळलेला तो चेंडू सर्वांच्या हातून फिरे. पण चहाची वेळ झाली, की इतरांना पॅव्हिलियनमध्ये कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीचे भांडे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी कर्णधारपदाच्या प्रश्नावर संघातून अंग काढून घेतले. शेवटी १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. खेळाने मिळवलेला मान खरा होता, यात शंका नाही. पण तो देणाऱ्याच्या मर्जीवर होता. दिला तर दिला, नाही तर नाही.

खेळ संपल्यावर बाळू कायदा जिथे होतो त्या क्षेत्राकडे वळले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. एका बाजूला साऱ्या हिंदुस्थानचे कौतुक मिळवलेला खेळाडू, दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर. फरक अवघा दोन हजारांचा. मतदारांना बाळू किती प्रिय होते, हे या आकड्यावरूनच कळते.

या निवडणुकीवरून बाळूंना दोषी ठरवणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. त्यांच्या लोकप्रियतेचा वापर ज्यांनी केला, त्यांनी पूर्वी त्यांच्या गोलंदाजीचाही तसाच वापर केला होता. बाळू कायद्याच्या दारापर्यंत पोचले ते दुसऱ्यांच्या तिकिटावर. बाबासाहेब तिथे पोचले ते स्वतःच्या विद्येवर आणि स्वतःच्या पक्षाच्या बळावर. खरा फरक हा आहे.

निवडणुकीनंतर महिनाभरातच, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टाने महाडच्या चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. सवर्णांनी सांगितलेली बंदीची सनातन रूढी कोर्टात सिद्ध झाली नाही. दहा वर्षे चाललेला हा दावा होता. पॅव्हिलियनबाहेरचे मातीचे भांडे शंभर बळींनीही फुटले नव्हते. इथे पाण्याचा हक्क कागदावर, शिक्क्यानिशी मिळाला. सवर्णांची मने त्या निकालाने पालटली नाहीत. पण मने पालटेपर्यंत थांबण्याची सक्ती तरी उरली नाही.

ज्या काळ्या बांधवांच्या लढ्यावरून १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्यातले एक उदाहरण इथे आठवते. अमेरिकन फुटबॉल हा रग्बीतून निघालेला, अंगाला अंग भिडणारा खेळ. त्यातला ॲलन पेज १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळत असतानाच तो कायदा शिकत होता. १९७८ साली त्याने पदवी घेतली आणि १९९३ साली तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर बसला. त्या न्यायालयावरचा तो पहिला काळा न्यायमूर्ती. बाळूंच्या अंगी गुण कमी होते काय? कमी होती ती शाळा.

आपल्या जुन्नर-आंबेगावला कोर्ट नवे नाही. भटजीशिवाय लग्न लावले म्हणून ओतूरच्या सत्यशोधकांवर एकोणिसाव्या शतकात ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी दावा लावला होता. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. तरी त्या जमिनींचे उतारे अजून वाचावे लागतात. डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींच्या हातीही कागदच आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यांच्याकडे आधीच सारे आहे त्यांची आहे.

तो मुलगा पुढे शिकला. आज तो तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, आणि दर उन्हाळ्यात वाड्यातल्या पोरांना चढाई शिकवतो. शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच: आपल्या मुलांना जरूर खेळवा, ढाल जिंकून आणू द्या. पण ढाल घेऊन येणाऱ्या मुलाची शाळा सुटू देऊ नका. पंगतीतली जागा ढालीने मिळत नाही.