गोधडी कोणाची?

उपमा, रूपक, प्रतिमा हे शब्द आपल्याकडे अलंकारशास्त्राच्या पोथीतून आले. त्यामुळे भाषेचे अलंकार म्हणजे अंगावरचे दागिने, उतरवून ठेवले तरी चालतील असे, ही समजूत शाळेपासूनच आपल्या डोक्यात बसली आहे. मग ज्यांच्या घरात दागिने नव्हतेच, त्यांच्या लेखनात प्रतिमा कशासाठी येतात? या प्रश्नाचे उत्तर मला एका परक्या देशातील कथेत सापडले.

अ‍ॅलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा १९७३ साली प्रसिद्ध झाली. वॉकर यांचा जन्म १९४४ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. कथा साधी, घरगुती भांडणाची. एक कष्टकरी आई आणि तिच्या दोन मुली. थोरली डी शिकून बाहेर पडलेली. धाकटी मॅगी जुने घर जळाले तेव्हा भाजलेली, अंग चोरून जगणारी. डी एक दिवस घरी येते आणि आजीच्या हातच्या दोन गोधड्या मागते. आईने त्या मॅगीच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या असतात. डी त्या टांगून ठेवणार, मॅगी त्या पांघरणार. भांडण एवढेच.

पण या कथेतील प्रतिमा एकेक करून उसवल्या की आत इतिहास निघतो. घराला धड खिडक्या नाहीत, भिंतीत नुसती भोके पाडलेली आहेत. आई त्यांना जहाजाच्या झरोक्यांची उपमा देते. ज्यांचे पूर्वज जहाजांत कोंबून आणले गेले, त्यांच्या घराला ही उपमा सहज सुचली असेल असे मला वाटत नाही. मॅगीची चाल सांगताना आई मोटारीखाली सापडलेल्या लंगड्या जनावराची आठवण काढते. आणि ती मोटार एखाद्या बेफिकीर श्रीमंताची आहे, हेही सांगते. म्हणजे उपमा मॅगीची असली तरी आरोप मोटारवाल्यावर आहे. आमच्या माणसांचे पांगळेपण वर्णन करणाऱ्या प्रस्थापित लेखकांना ही मोटार कधी दिसली नाही.

गोधडीत काडेपेटीएवढा एक विटका निळा तुकडा आहे. तो पणजोबांच्या, १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील गणवेशाचा. गुलामगिरी संपवणाऱ्या युद्धाची एवढीच निशाणी त्या घरात उरली, आणि ती बाईने सुईने जपली. ताक घुसळण्याच्या रवीवर बोटांचे खळगे पडले आहेत. ती घडवली कोणी, हे डीला ठाऊक नाही. मॅगीला ठाऊक आहे. ज्यांच्या हाती दौत-लेखणी येऊ दिली नाही, त्यांची बखर लाकडावर आणि चिंध्यांवर लिहिली गेली.

आईची शाळा दुसरीनंतर बंद पडली. साल १९२७. का बंद पडली असे विचारण्याची काळ्या माणसांची तेव्हा प्राज्ञा नव्हती, असे ती सुचवते. हे साल वाचताना मी थबकलो. त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य सांगितले. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिथूनच.

म्हणूनच डीला ढोंगी ठरवून मोकळे होणे मला जमत नाही. तिने आपले नाव टाकून आफ्रिकी नाव घेतले आहे. छळणाऱ्यांनी दिलेले नाव तिला नको आहे. आई म्हणते, ते नाव मावशीचे, आजीचे, त्याही मागचे. दोघींचेही खरे आहे. माझ्या वडिलांचे नाव दगडू, चुलत्याचे कचरू. १९५६ नंतर जन्मलेल्या मला राहुल हे नाव मिळाले. ते मी कोणासाठी टाकणार नाही. पण दगडू या नावाची लाज वाटून मी ते कुठे कुठे गाळले, हेही मला आठवते.

वॉकर नव्या धर्माची थट्टा करतात असेही नाही. शेजारच्या मुस्लिम कृष्णवर्णीयांची गुरे गोऱ्यांनी विष घालून मारली तेव्हा ते रात्रभर बंदुका घेऊन जागले. आईला त्यांच्याविषयी आदर आहे. डीच्या मित्राला मात्र त्यांची काही तत्त्वे पटतात, शेती आणि गुरे नकोत. नकार नावाला नाही, कष्टाला आहे. कथेचा रोख तिथे आहे.

माझ्या आईची गोधडी तिच्या जुन्या लुगड्यांची आणि वडिलांच्या गिरणीतल्या सदऱ्यांची होती. आई गेल्यावर मी ती मागितली. काचेच्या चौकटीत बसवून बैठकीत लावणार होतो. येणाऱ्या साहित्यिकांना दाखवणार होतो. धाकटी बहीण म्हणाली, “दादा, आई भिंतीवर निजत होती का रे?” मी रागावून निघून आलो. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी ही कथा वाचली.

कथेच्या शेवटी आई डीच्या हातातून गोधड्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. शिकलेल्या आपण सर्वांनी ते हिसकावणे एकदा अनुभवावे. आपण आपल्या माणसांचे दुःख लिहितो, छापतो, त्यावर परिसंवाद भरवतो. ते लिहिलेच पाहिजे, कारण मॅगी लिहिणार नाही. पण लिहिताना तिच्या अंगावरचे पांघरूण आपण ओढून घेत नाही ना, एवढे पाहावे.

बहिणीच्या नातवाच्या अंगावर ती गोधडी आता आहे. एका कडेला उसवली होती. गेल्या खेपेला बहिणीने सुई ओवून माझ्या हातात दिली. माझे टाके वाकडे पडले, पण तिने ते उसवले नाहीत.