नाणेघाटातला रांजण आणि मंचरचा कांदा

परवा शनिवारी पुन्हा नाणेघाटात जाऊन आलो. दगडी रांजण दिसला की ट्रेकमधला कोणीतरी "हा बघ, जुना टोलनाका" म्हणतोच. त्यात जकात टाकायचे, ही ऐकीव गोष्ट. पण शेजारच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि हजारो कार्षापणं! एवढा पैसा आला कुठून?

बराचसा याच वाटेने, असं मला वाटतं. जुन्नरचा माल घाट उतरून कल्याणला, तिथून जहाजात. जुन्नरच्या लेण्यांत धान्यविक्रेत्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, यवनांची दानंसुद्धा. एकदम तेजी!

मग पहिल्या शतकात गोची झाली. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की कल्याण आधी रीतसर खुलं बंदर होतं. सत्ता बदलल्यावर तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. भरुच क्षत्रपांचं. म्हणजे घाट तोच, माल तोच, गिऱ्हाईकही तेच; फक्त बंदर बंद. पुढे जुन्नरही नहपान क्षत्रपाकडे गेलं. त्याचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. नंतर गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,०००हून अधिक नाणी सापडली, त्यातली ९,०००हून अधिक अशी.

आता म्हणाल, सरकारने लुडबुड करूच नये. पण मग कालवे कोणी काढले असते? इथला ऊस, कांदा, टोमॅटो कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभा आहे. (त्याची किंमतही कोणीतरी मोजली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं, ते गावच डिंभे धरणात गेलं.)

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यातबंदी आली, तेव्हा मामाचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळी कांद्यासारखा तो बराकीत टिकत नाही. मंचरच्या मार्केटला मिळेल त्या भावाने घालावा लागला. इकडे आपण पुण्यात स्वस्त कांदा खाल्ला. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू? ४ मे २०२४ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. मामाच्या त्या वावरात तोवर दुसरं पीक उभं होतं.