मोतीबिंदू: टाक्याचं, बिनटाक्याचं की मशीनचं? हा फरक मोजला कसा गेला



"डॉक्टर, आईचं साधं ऑपरेशन करू की मशीनचं?" सातपूरसारख्या कामगार वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या फिजिशियनला हा प्रश्न वर्षभर ऐकावा लागतो. मी डोळ्यांचा सर्जन नाही. ऑपरेशनआधी शुगर, बीपी, ईसीजी पाहून फिटनेस देणं एवढंच माझं काम. पण निर्णय बऱ्याचदा माझ्या टेबलावरच होतो, कारण घरचे लोक आधी घरच्या डॉक्टरला विचारतात.

प्रश्नामागची समजूत मात्र मला अस्वस्थ करते. शिबिरातलं किंवा सरकारी दवाखान्यातलं ऑपरेशन म्हणजे दुय्यम, मशीनचं म्हणजे अस्सल, अशी ती समजूत. म्हणून कोणी बोनसची वाट पाहतं, कोणी सोसायटीतून कर्ज काढतं, आणि तोपर्यंत आई वर्ष-दीड वर्ष भिंतीला हात लावत घरात फिरते. एखाद्या दिवशी न्हाणीघरात पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. मग मोतीबिंदूचा खर्च किरकोळ वाटावा इतकं बिल येतं.

या प्रश्नाचं उत्तर मतावर सोडायची गरज नाही. ते मोजून काढलेलं आहे, आणि तेही आपल्या पुण्यात. पण ते मोजमाप का महत्त्वाचं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. बाहुलीच्या मागे असलेलं आपलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या आजाराला लिंगनाश म्हटलं आहे आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. डोळ्यात शलाका घालून अडथळा दूर करायचा, तूप लावलेल्या कापसाने डोळा बांधायचा, रुग्णाला उताणं झोपवायचं. शिंकणं, खोकणं, ढेकर देणं, थुंकणं टाळायला सांगायचं. ऑपरेशननंतरच्या काळजीचा हा भाग आजही वाचण्यासारखा आहे. या पद्धतीत गढूळ भिंग बाहेर निघत नसे, ते नजरेच्या वाटेतून बाजूला सारलं जाई आणि डोळ्यातच राही.

पुढे ही विद्या फिरत्या लोकांच्या हातात गेली. गावात यायचं, सुई घालायची, रुग्णाला समोरची बोटं मोजायला लावायची, पैसे घ्यायचे, पट्टी बांधायची आणि पुढच्या गावाला निघायचं. पट्टी सुटेपर्यंत माणूस दूर गेलेला असे. डोळ्यात पू झाला, काचबिंदू झाला, तरी ते पाहायला तो तिथे नसे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातले सर्जन रॉबर्ट हेन्री इलियट यांनी या पद्धतीचे परिणाम गोळा करून १९१७ साली लंडनच्या रॉयल कॉलेजात त्यावर व्याख्यानं दिली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हे सर्रास चालू होतं. यात एक गंमत आहे, आणि तीच पुढे उपयोगी पडेल. त्या फिरत्या माणसाला विचारलं तर त्याचे सगळे रुग्ण बरे झालेले, कारण त्याने बोटं मोजण्याचा क्षण तेवढा पाहिलेला. रुग्णालयातल्या डॉक्टरला विचारलं तर सगळे बिघडलेले, कारण त्याच्याकडे बिघडलेलेच येणार. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील, पण शंभरातले किती बरे झाले हे दोघांनाही सांगता येणार नाही.

भिंग बाहेर काढायची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. १७५३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. गुंगीचं औषध नाही, डोळा बधिर करायची सोय नाही. ती सोय १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांच्या कोकेनच्या थेंबांनी आली.

"मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" हे वाक्य तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलं असेल. ते त्या काळातलं आहे. कच्च्या मोतीबिंदूचा मऊ भाग डोळ्यात मागे राहायचा आणि त्रास द्यायचा, म्हणून तो पिकायची वाट पाहत. दुसरं कारण चष्म्याचं. भिंग काढलं की डोळ्याची ताकदच जाते, मग साधारण दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा लागायचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, कडेचं काहीच दिसायचं नाही, जिन्याची पायरी चुकायची. चष्मा फुटला किंवा जत्रेत हरवला की माणूस पुन्हा आंधळा. एवढी शिक्षा भोगायची तर नजर पुरती जाईपर्यंत थांबलेलं बरं, असा तो हिशेब होता. आता ही दोन्ही कारणं उरलेली नाहीत. आता थांबलं तर नुकसानच होतं: भिंग कडक होत जातं, ऑपरेशन अवघड होतं, कधी कधी पिकलेलं भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब वाढतो आणि रुग्ण अर्ध्या रात्री डोळा धरून येतो.

जाड चष्म्यातून सुटका केली लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज शेजारच्या काकू "लेन्स टाकली" म्हणतात, ती तीच. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घ्यायचं यंत्र आणलं. ते म्हणजे फेको, आपल्याकडचं 'मशीनचं'. बरेच जण त्याला लेझर म्हणतात. ते लेझर नाही.

आपल्या देशात मात्र शिबिरांमध्ये लेन्सविना ऑपरेशन आणि जाड चष्मा हेच खूप वर्षं चालू राहिलं. १९८६ ते ८९ च्या राष्ट्रीय पाहणीत आंधळेपणाचं सुमारे ८० टक्के कारण मोतीबिंदू निघालं. लेन्स परदेशी आणि महाग होती. १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅबने ती स्वस्तात बनवायला सुरुवात केली. त्याच मदुराईत दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या असलेल्या सुमारे ३४०० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला: अर्ध्यांना जुनं ऑपरेशन आणि चष्मा, अर्ध्यांना लेन्स. लेन्सवाले स्पष्टपणे सरस ठरले. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्र त्यात होता.

लेन्स आली, पण टाके आले. त्या ऑपरेशनला दहा-बारा मिलिमीटरचा छेद लागायचा आणि तो केसाहून बारीक धाग्याने शिवावा लागायचा. टाका घट्ट बसला तर बुबुळाचा गोलपणा बिघडतो आणि तिरका नंबर येतो. सैल झाला तर खुपतो, पाणी येतं. तो काढायला परत यावं लागतं. पेठ-सुरगाण्याचा शेतकरी लावणीच्या दिवसांत टाका काढायला येईल का? मग काही सर्जन सहा-सात मिलिमीटरचा, तिरक्या बोगद्यासारखा छेद घेऊ लागले, जो डोळ्याच्या आतल्या दाबाने आपोआप मिटतो. यंत्र नको, टाका नको. याला एसआयसीएस म्हणतात. आपण 'बिनटाक्याचं साधं' म्हणतो, ते हेच.

आता शंका अशी होती: एवढ्याशा बोगद्यातून आख्खा कडक मोतीबिंदू ओढताना डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला इजा होत नसेल ना? काही सर्जन म्हणत छान आहे, काही म्हणत धोक्याचं आहे. पुन्हा तेच, ज्याचा त्याचा अनुभव.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, लंडनच्या एका सहकाऱ्यासह, हा वाद मोजून सोडवायचं ठरवलं. डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत छापून आला. ४० ते ९० वयाचे ७४१ रुग्ण. कोणाला टाक्याचं आणि कोणाला बिनटाक्याचं करायचं, हे डॉक्टरने निवडलं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. असं का? कारण डॉक्टरला निवडू दिलं तर तो नकळत सोपे डोळे आपल्या आवडत्या पद्धतीला देतो. शिवाय ऑपरेशन करणारे सर्जन आठ होते. एकाच कसबी हाताची ही करामत, असं म्हणायला जागा नाही.

"म्हणजे आमच्यावर प्रयोग?" हा प्रश्न मला रुग्ण विचारतात, आणि तो रास्त आहे. पण इथे दोन्ही ऑपरेशनं आधीपासून वापरात होती आणि दोन्हींत लेन्स बसत होती. कोणतं चांगलं हे जगात कोणालाच खात्रीने माहीत नव्हतं. मला विचाराल तर न मोजता वर्षानुवर्षं एकच पद्धत करत राहणं हाच मोठा प्रयोग. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

सहा आठवड्यांनी निकाल पाहिला. ६/१८ नजर म्हणजे निरोगी डोळा जे अठरा मीटरवरून वाचतो, ते सहा मीटरवरून वाचता येणं. चष्म्याशिवाय एवढी नजर टाक्याच्या गटात ३७.३ टक्के लोकांना मिळाली, बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के लोकांना. म्हणजे शंभरात दहा माणसं जास्त. योग्य चष्मा दिल्यावर ८६.७ आणि ८९.८, म्हणजे जवळजवळ सारखंच. ऑपरेशनदरम्यानच्या आणि नंतरच्या गंभीर गुंतागुंतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. धोक्याची जी भीती होती, ती खरी ठरली नाही.

मला या अभ्यासातला सर्वांत आवडणारा आकडा वेगळाच आहे. ७४१ पैकी ७०६ जण सहा आठवड्यांनी तपासणीला आले. ९५ टक्के! आमच्याकडे शुगरचे रुग्ण महिन्याने बोलावले तर किती येतात ते मी सांगत नाही. जे ३५ आले नाहीत, त्यांचं काय झालं हे निकालात नाही, आणि त्यांतले पुष्कळ बिघडलेले असू शकतात. पण ३५ असल्याने निकाल उलटत नाही. तीनशे-चारशे आले नसते तर सुईवाल्या फिरत्या माणसाच्या आणि या अभ्यासाच्या दाव्यात फार फरक उरला नसता.

मग त्याच रुग्णालयाने तुमचा प्रश्न घेतला: साधं की मशीनचं? हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४०० डोळे, पुन्हा चिठ्ठीने वाटणी. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ नजर फेकोच्या गटात ८१ टक्क्यांना, बिनटाक्याच्या गटात ७१ टक्क्यांना. चष्मा दिल्यावर? दोन्हीकडे ९८.४. दशांशासकट सारखं.

म्हणजे मशीनचं सरस आहे, पण कशात, ते नीट पाहा. चष्म्याविना काम भागण्याची शक्यता त्यात जास्त. छेद लहान, बरं होणं लवकर. लेथवर काम करणारा पन्नाशीचा कामगार असेल, लवकर कामावर जायचं असेल आणि पैसे असतील, तर मी फेकोच सुचवतो. पण आई सत्तरीची आहे, चष्मा लावायला तिची ना नाही आणि पैशांसाठी वर्षभर थांबावं लागणार असेल, तर आज होणारं बिनटाक्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षीच्या मशीनपेक्षा चांगलं. फार पिकून तपकिरी, दगडासारखा झालेला मोतीबिंदू असेल तर अनेक अनुभवी सर्जन स्वतःहून बिनटाक्याचं निवडतात. तेव्हा "आम्हाला स्वस्तातलं दिलं" असं मनात आणू नका, कारण विचारा.

आता त्याहून महाग, खऱ्याखुऱ्या लेझरच्या मदतीचं ऑपरेशनही आलं आहे. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी त्याची साध्या फेकोशी तुलना केली. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या निकालात लेझर सरस ठरलं नाही.

पुण्याच्या दोन्ही अभ्यासांत चष्म्याने किती फरक पडला ते पुन्हा पाहा. ऑपरेशननंतर "दिसतंय आता" म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीला न जाणारे खूप आहेत. त्या दिवशी तिरका नंबर मोजला जातो, पडदा आणि दाब पाहिला जातो. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी करायची आहे, लेन्स कितीही भारीची असली तरी. येताना ऑपरेशनचा कागद, लेन्सचं कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी सोबत घेऊन या.